चारशे बारावी फाईल

१

ही गोष्ट एकोणीसशे सत्त्याऐंशी सालची. तेव्हा कॉम्प्युटर कपाटाएवढा असे, त्याला माणसांपेक्षा जास्त थंडावा लागे, आणि त्याच्या खोलीत काम करणाऱ्या बायका भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसत. त्या वर्षीच्या ऑक्टोबरातल्या शेवटच्या सोमवारी, सकाळी साडेअकरा वाजता, नदीमापन कार्यालयाच्या मोठ्या खोलीत बावीस पाहुण्यांसमोर कॉम्प्युटरने सांगितलं, की बहात्तर साली पूर आलाच नव्हता.

वरच्या खोऱ्यात किती पाऊस पडला ते यंत्राला सांगायचं आणि पुलापाशी पाणी किती चढेल ते यंत्राने सांगायचं, असा तो कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम. तो लिहिणारी बाई एकतीस वर्षांची होती. कार्यालयात तिला सगळे धाकटी म्हणत, कारण तिची थोरली बहीण तिथेच टेपघर सांभाळायची. ठरल्याप्रमाणे एक्याऐंशी सालचा पाऊस यंत्राला द्यायचा होता. पण पाहुण्यांतले एक जाडजूड गृहस्थ म्हणाले, "बहात्तर घाला की. त्या साली मला छपरावरून होडीत उतरवलं होतं."

धाकटीने बहात्तर घातलं. छपाईचं यंत्र खडखडलं आणि आकडा आला. पाणी सतरा फूट चार इंच. म्हणजे पुलाच्या चांगलं खाली.

"मग मी होडीत काय हवा खायला बसलो होतो?" गृहस्थ म्हणाले, आणि खोली हसली.

धाकटी हसली नाही. तिने पावसावरून पाणी काढणाऱ्या गुणकांचा कागद डोळ्यांजवळ नेला, आणि तिचा चेहरा पुसल्यासारखा झाला. "हे माझे गुणक नाहीत," ती कार्यालयाच्या साहेबांना हळूच म्हणाली. "माझ्या फाईलीत हे आकडे नव्हतेच."

दाराशी शेवटच्या खुर्चीवर तिची थोरली बहीण बसली होती. ताई. धाकटीपेक्षा सोळा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच तिला न्हाऊमाखू घालून, शाळेत धाडून वाढवलं होतं. तो आकडा आला तेव्हा ताईच्या मनात सगळ्यात आधी काय आलं, ते तिने त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.

तिला बरं वाटलं. एक श्वास घेऊन सोडावा इतकाच वेळ, पण बरं वाटलं.

मग ती घाबरली. कारण यंत्रात जे काही होतं, ते दोन दिवसांपूर्वी तिच्याच टेपवरून उतरवलेलं होतं.

२

साहेबांनी दुपारीच टेपघराची किल्ली ताईकडून मागून घेतली. सोळा वर्षांत ती किल्ली दुसऱ्या कुणाच्या खिशात गेली नव्हती. पाहुण्यांची समिती दहा दिवसांनी पुन्हा येणार होती, आणि धाकटीकडे कागदावर मार्च महिन्यापर्यंतचेच गुणक होते. पुढच्या सात महिन्यांची मेहनत जुन्या डिस्कवर होती, आणि नवी डिस्क आली तेव्हा कंपनीने जुनी बदल्यात नेली होती.

बुधवारी मुख्य कार्यालयातून तपासाला एक बाई आल्या. वीस वर्षं ठिकठिकाणची दफ्तरं तपासण्यात गेलेल्या, म्हणून त्यांना दफ्तरवाल्या बाई म्हणत. बुटकी मूर्ती, नाक सर्दीने लाल. त्यांनी टेपघरात स्टूल ओढलं आणि ताईला म्हणाल्या, "मला कॉम्प्युटरचं ओ की ठो कळत नाही. अगदी पहिलीतल्या पोरीला सांगताय असं समजून सांगा."

ताईने दोनशे चौदा नंबरची टेप काढून टेबलावर ठेवली. ताटाएवढं चाक आणि त्याला गुंडाळलेली तपकिरी फीत.

"ही एक लांबलचक फीत आहे, बाई. हिच्यावर फायली एकापुढे एक लिहितात. प्रत्येक फाईलीच्या आधी छोटी पाटी असते. नाव, मालक, आकार, तारीख. मग मजकूर. तो संपला की पुढची पाटी. सगळ्यांची मिळून अनुक्रमणिका कुठेच नसते. आत काय आहे ते बघायचं तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत फीत फिरवावी लागते."

"आणि मधलंच एखादं पान बदलायचं असलं तर?"

"नाही बदलता येत. शेवटी जोडता येतं, तेवढंच. तेसुद्धा चाकाला हे प्लॅस्टिकचं कडं लावलं तर. कडं नसेल तर यंत्र लिहायलाच तयार होत नाही."

"कडी कुणाकडे असतात?"

"सगळ्यांकडे. लोक पोरांना खेळायला घरी नेतात."

बाई शिंकल्या. "ही टेप तुम्ही कधी लिहिलीत?"

"तीन तारखेला. चारशे अकरा फायली." ताईने नोंदवही पुढे केली. प्रत्येक टेपपुढे शाईने फायलींची संख्या लिहिलेली होती. "मी लिहिताना मोजते आणि उतरवताना परत मोजते. लोक हसतात. ताईंची जपमाळ म्हणतात."

"मग शनिवारी ही टेप नव्या डिस्कवर उतरवली, तेव्हा किती भरल्या?"

ताईने स्वेटरची बाही ओढली. "शनिवारी मी मोजल्या नाहीत."

"का बरं?"

ताईने टेप उचलून परत खणात ठेवली. बाईंनी नोंदवहीचं पान उलटलं. तीन तारखेनंतर ती टेप दोनदा टेपघराबाहेर गेली होती. चौदा तारखेला धाकटीच्या नवऱ्याने नेली होती. एकोणीस तारखेला कार्यालयातल्या जुन्या मास्तरांनी.

३

धाकटीचा नवरा यंत्रांची दुरुस्ती करायचा; ताई त्याला जावईच म्हणे, म्हणून कार्यालयात तो सगळ्यांचाच जावई. खिशाला पेचकस अडकवलेला, बोलायला फटकळ.

"चौदाला यंत्राचं टेप वाचायचं डोकं साफ केलं, म्हणून एक टेप लावून बघितली. हाताला लागली ती," तो बाईंना म्हणाला.

"तुमची बायको इथली प्रमुख होणार होती म्हणे."

"होणार होती."

"हेवा वाटायचा?"

"वाटतो की. घरी जेवताना गुणक, झोपताना गुणक, आणि वर मास्तर असं म्हणाले, मास्तर तसं म्हणाले. मी भाजी चांगली झाली म्हटलं तरी तिला ऐकू येत नाही." त्याने पेचकस टेबलावर ठेवला. "पण तिचं वाटोळंच करायचं असतं, तर टेपवरून चुंबक फिरवलं असतं. दहा सेकंदांचं काम. असले नाजूक खेळ मला जमत नाहीत."

"शनिवारी उतरवताना काही विशेष घडलं?"

"काही नाही. यंत्रावर कोण कोण काम करतं त्याची नवी यादी केली, सगळ्यांना नंबर दिले, आडनावांच्या क्रमाने. मग टेप उतरवली. एक कुरकुर झाली. बायकोची फाईल तिलाच उघडेना. म्हणून मी सगळ्यांचीच कुलपं काढून टाकली. म्हटलं, सोमवारचं होऊन जाऊ दे, मग बघू."

"ताई होत्या तेव्हा?"

तो जरा चुळबुळला. "आल्या होत्या. बायको म्हणाली, ताई, तू राहू दे, हा करेल. त्या गेल्या. रुसल्या असतील."

मास्तरांची खोली जिन्याच्या वर होती. साठीला टेकलेले, केस पांढरेशुभ्र, धाकटीला गणित शिकवलं ते त्यांनीच. त्यांनी स्वतः उठून बाईंसाठी चहा गाळला. खुर्चीमागच्या भिंतीवर एक चौकोन भोवतीच्या रंगापेक्षा उजळ दिसत होता.

"इथे काय होतं?" बाईंनी विचारलं.

"माझं जुनं कोष्टक. एकोणीस वर्षं त्याच्यावरूनच पुराचा अंदाज देत होतो. सप्टेंबरात काढलं. आता पोरीचं यंत्र आहे ना." मास्तर हसले. "गुणी पोर. माझ्या हातून एवढं एक काम चांगलं झालं."

"टेप कशाला नेली होती?"

"जुन्या फायली चाळायला. म्हाताऱ्याचे चाळे." त्यांनी कप पुढे सरकवला. "ताईंना फार बोलू नका, बाई. पोटच्या पोरीसारखी वाढवली, आणि पोर मोठी होऊन भलत्यांच्याच गोष्टी सांगायला लागली. मनाला लागतंच ते. माणूस मग काय करून बसेल, त्याचं त्यालाही सांगता येत नाही."

बाईंनी चहा संपवला. जिना उतरल्यावर त्यांनी शिपायाला विचारलं, "जुनी पत्रकं कुठल्या खोलीत आहेत? बहात्तरची?"

४

गुरुवारी सकाळी सगळ्यांच्या देखत टेप यंत्रावर चढली. जावयाने हुकूम दिला, आणि भोकं पाडलेल्या पट्टीचा लांब कागद ओळीमागून ओळ बाहेर येऊ लागला. एका फाईलीची एक ओळ. कागद जमिनीवर घड्या घालत साचला. ताई फूटपट्टी घेऊन खाली बसली आणि बोटाने मोजू लागली.

पाऊण तासाने तिने मान वर केली. "चारशे बारा."

"तुमच्या वहीत अकरा आहेत," बाई म्हणाल्या.

"शेवटची जास्तीची आहे." ताईने शेवटच्या ओळीवर बोट टेकलं. "नाव आहे गुणकांच्या फाईलीचं. पण त्या नावाची फाईल वर सत्त्याऐंशीव्या ओळीत आहेच. एकाच नावाच्या दोन."

जावयाने कपाळावर हात मारला. "म्हणजे टेप उतरवताना आधी खरी उतरली, आणि शेवटी ही उतरली ती तिच्या उरावर. नाव एकच असलं की नंतरची आधीचीला गिळते."

"डिस्कवर," ताई म्हणाली. "टेपवर नाही. टेपवर पहिली जागच्या जागी आहे."

धाकटी खुर्चीतून उठली आणि परत बसली. अर्ध्या तासात जावयाने सत्त्याऐंशीवी फाईल तेवढी वेगळी काढली, बहात्तरचा पाऊस पुन्हा घातला, आणि आकडा आला. चोवीस फूट. पूल पाण्याखाली. सात महिन्यांची मेहनत सुखरूप होती.

पण तिकडे कुणी फारसं पाहिलं नाही. साहेब शेवटची ओळ वाचत होते. तिच्यात मालकाचा रकाना होता, आणि त्या रकान्यात ताईचं नाव होतं.

५

संध्याकाळी धाकटी ताईच्या घरी आली. चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. ताई भांडी विसळत होती.

"एकदाच विचारते," धाकटी म्हणाली. "तू केलंस?"

"नाही."

"यंत्र तुझं नाव सांगतंय."

"यंत्र काय सांगतंय ते मला माहीत नाही. मी केलं नाही." ताईने हात पुसले. इथे थांबता आलं असतं. पण इतकी वर्षं या पोरीशी ती एकदाही खोटं बोलली नव्हती, आणि अर्धवट खरं बोलणंही तिला जमेना. "पण सोमवारी तो आकडा आला ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. एक क्षणभर."

धाकटी चपलांसकट आत आली.

"आणि शनिवारी तू म्हणालीस, राहू दे. मी गेले. दर वेळी मोजते, त्या दिवशी मोजलं नाही. म्हटलं, हिला नकोय ना मी, मग बघू दे हिचं हिला. मोजलं असतं तर त्याच दिवशी चारशे बारा आल्या असत्या. तू सोमवारी बावीस माणसांपुढे उभी राहिली नसतीस."

"तुला माझा एवढा राग?"

"तुझा नाही. तू जेवतानासुद्धा मास्तरांचं नाव घेतेस. तुला पाढे कुणी शिकवले?"

धाकटी जिना उतरून गेली. ताईने उरलेली भांडी विसळली, आणि ती पुसायची राहिली.

शुक्रवारी सकाळी सात वाजता, चहा गार होत असताना, ताईने तो लांब कागद पुन्हा टेबलावर पसरला. बाईंनी एक प्रत तिच्याकडे ठेवली होती. मालकाच्या रकान्यात आपलं नाव अजून कुठे येतं, ते ती मोजू लागली. सवयच ती.

त्रेचाळीस वेळा.

ताईने चष्मा पुसून पुन्हा मोजलं. त्रेचाळीसच. तिने सबंध आयुष्यात यंत्रावर दोन फायली केल्या होत्या, दोन्ही टेपांच्या याद्या. तिने त्या दोन ओळी शोधल्या. त्यांच्या मालकाच्या रकान्यात साहेबांचं नाव होतं.

तिने पायांत चपला सरकवल्या आणि केस न विंचरताच निघाली.

६

साडेनऊला साहेबांच्या खोलीत सगळे जमले. दफ्तरवाल्या बाईंच्या हातात रुमाल होता, मांडीवर एक जुनं पुठ्ठ्याचं पाकीट.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "टेपवरच्या पाटीत मालकाचं नाव असतं की नंबर?"

"नंबर." तो बोलता बोलता थांबला. "नंबरच. नाव यंत्र छापताना घालतं, आपल्या यादीत बघून."

"कुठली यादी?"

"आत्ताची. मी शनिवारी केली ती." त्याचे कान लाल झाले. "म्हणजे नंबर जुने, आणि नावं नवी. म्हणूनच बायकोची फाईल तिला उघडत नव्हती."

"ताई सकाळी तेच सांगत आल्या. साहेबांच्या नावावर टेपांच्या याद्या, आणि यांच्या नावावर त्रेचाळीस फायली. त्यांतल्या बेचाळीस पावसाच्या, एकोणीसशे एकोणऐंशीपासूनच्या. साहेब, ताई पावसावर कधी संशोधन करत होत्या?"

साहेबांनी नकारार्थी मान हलवली.

"जुनी यादी जुन्या डिस्कबरोबर गेली असं वाटेल, पण तीही त्याच टेपवर आहे. तीन तारखेला ताईंनी बाकी सगळ्यांबरोबर तिलाही घेतलं होतं. आत्ता काढून बघितली." बाईंनी एक चिठ्ठी टेबलावर ठेवली. "शेवटच्या फाईलीचा नंबर अकरा. नव्या यादीत अकरा म्हणजे ताई. जुन्यात अकरा म्हणजे मास्तर."

मास्तर खिडकीशी उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "माझ्या नावाने दुसऱ्या कुणीही काम केलं असेल."

"खरंय. म्हणून नंबरावर मी विसंबले नाही." बाईंनी नाक पुसलं. "हे करणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक होत्या. शनिवारी हीच टेप उतरणार, आणि ताई फायली मोजतात. तरी त्याने एक फाईल वाढवली. का? कारण ती वाढेल असं त्याला वाटलंच नाही. त्याला वाटलं, तेच नाव दिलं की जुनी जाईल आणि तिच्या जागी नवी बसेल, संख्या तीच राहील. जावईबापूंना टेप आतून बाहेरून पाठ आहे, ते असं समजणार नाहीत. ताईंनी तर मला पहिल्याच दिवशी सांगितलं, की मधलं बदलता येत नाही. टेपांच्या आधी आकडे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर असत; ही चूक करणारा माणूस त्या पत्त्यांच्या पेट्यांवर वाढलेला. त्या काळी जुना पत्ता उपसायचा, त्या फटीत नवा खोचायचा, आणि पेटीतले पत्ते तेवढेच राहायचे. इथे पत्त्यांच्या पेट्यांवर काम केलेले कोण आहेत?"

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या.

बाईंनी पाकिटातून पिवळा पडलेला कागद काढला. "तरीही हे नसतं, तर मी तोंड उघडलं नसतं. बहात्तर सालचं पत्रक, मास्तरांच्या कोष्टकावरून काढलेलं. पाणी सतरा फूट चार इंचांवर थांबेल, लोकांनी घरं सोडू नयेत. सोमवारी यंत्राने जो आकडा दिला, तोच. इंचाचाही फरक नाही. फाईलीतले गुणक मास्तरांच्या कोष्टकाचे आहेत."

धाकटीने प्रथमच मास्तरांकडे सरळ पाहिलं. "सर?"

मास्तरांनी खिडकीची कडी चाळवली. मग म्हणाले, "एक्याऐंशीचा आकडा माझ्या कोष्टकाने अगदी बरोबर येतो. सगळे टाळ्या वाजवणार होते, तुझ्या यंत्राला. मग मी उठून सांगणार होतो, की हे गुणक माझे आहेत. एवढंच. तुझं बुडवायचं नव्हतं. एकदा, सगळ्यांसमोर, माझं बरोबर होतं एवढं दाखवायचं होतं. बहात्तर कुणी विचारील असं वाटलं नाही."

"आणि माझे सात महिने? ते तर गेले असंच तुम्ही समजत होता ना?"

मास्तरांनी खिडकीची कडी लावून टाकली.

"आणि ताई?" धाकटी म्हणाली. "काल तिचं नाव छापून आलं, तेव्हा तुम्ही तिथे उभे होता."

"होतो," मास्तर म्हणाले.

७

त्याला आता कित्येक वर्षं झाली. ते कार्यालय नव्या इमारतीत गेलं, टेपा गेल्या, कडी गेली.

साहेब दोन वर्षांनी निवृत्त झाले आणि फुलझाडांच्या मागे लागले. दफ्तरवाल्या बाई ताईला दर नव्या वर्षी पत्र धाडत, त्यात अर्धं पान सर्दीविषयी असे. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या भाचीने ताईला कळवलं. जावयाने पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. बायकोचा हेवा वाटतो का, असं विचारलं तर तो अजून "वाटतो की" म्हणतो, आणि संध्याकाळी तिला आणायला जातो.

धाकटी प्रमुख झाली. तिच्या यंत्राने पुढे चार पूर आधी सांगितले, एकाचा अंदाज चुकला. ताईला टेपघराची किल्ली त्याच शुक्रवारी परत मिळाली, आणि तिने अजून अकरा वर्षं नोकरी केली.

मास्तरांनी राजीनामा दिला आणि गावाबाहेर बहिणीकडे राहायला गेले. धाकटी दोन वर्षं त्यांचं नाव काढत नव्हती. तिसऱ्या वर्षी ती त्यांना भेटायला गेली, आणि मग दर वर्षी जाऊ लागली. ताईने बाकी सगळं सोडून दिलं होतं, स्वतःच्या नावावरचा तो डागसुद्धा. हे मात्र तिला सुटेना. मास्तर शेवटच्या दुखण्यात होते, तेव्हा धाकटी रजा काढून अकरा दिवस त्यांच्या उशाशी बसली.

ती परत आली त्या रविवारी ताई म्हणाली, "त्यांनी तुझे सात महिने बुडवले होते."

"त्याआधी दहा वर्षं शिकवलं होतं."

"माझ्या उशाशी बसली असतीस अकरा दिवस?"

"तू कधी आजारी पडतेस?" धाकटी म्हणाली आणि शेंगा सोलू लागली.

ताईला हे उत्तर आवडलं नाही. त्याच हिवाळ्यात तिने फोन करून सांगितलं, की अंगात ताप आहे, उठवत नाही. धाकटी त्याच संध्याकाळी पिशवी भरून आली. तिने पहिल्याच दिवशी ताईच्या कपाळावर हात ठेवला, कपाळ गार होतं. तिने पांघरूण सारखं केलं, पेज करून आणली, आणि बारा दिवस राहिली.